बाळाचे वजन सावकाश वाढते आहे असे वाटले तर

दीड महिन्याच्या लसीसाठी बाळाला उपकेंद्रात आणले, काट्यावर ठेवले आणि आकडा ऐकताच आईचा चेहरा उतरला, हा प्रसंग मी रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवर आरोग्यसेविका म्हणून काम करताना पुन्हा पुन्हा पाहिला आहे. त्या आईला घरी पोहोचेपर्यंत चार मते ऐकायला मिळतात. कोणी म्हणते तुझे दूध पातळ आहे, कोणी म्हणते बाळाला दृष्ट लागली, कोणी सरळ पावडरच्या दुधाचा डबा आणायला सांगते. अशा बाळांपैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत एक तर वजन नीट झालेले नसते किंवा बाळ छातीशी असूनही त्याच्या पोटात पुरेसे दूध जात नसते, आणि दोन्ही गोष्टी दुरुस्त करता येतात. थोड्या बाळांना मात्र खरोखर आजार असतो आणि तिथे वाया गेलेला प्रत्येक आठवडा महाग पडतो. ही दोन प्रकारची बाळे वेगळी कशी ओळखावीत, हे पहिल्यांदाच आईबाबा झालेल्यांसाठी क्रमाने लिहीत आहे.

पहिली पायरी: वजन नीट झाले आहे का ते पाहा

वजनाची काळजी करण्याआधी वजन करण्याच्या पद्धतीची खात्री करून घ्यावी. अडीच महिन्यांच्या एका मुलीचे वजन मागच्या महिन्यापेक्षा दीडशे ग्रॅमने घटलेले दिसले, तेव्हा तिच्या आजीने मागच्या वेळी बाळ कसे आणले होते ते आठवून सांगितले. मी कुंची, झबले, भिजलेला लंगोट आणि पायांतले चांदीचे वाळे एकत्र करून काट्यावर ठेवले, तर ते सगळे मिळून २३० ग्रॅम भरले. म्हणजे मुलगी घटली नव्हती, उलट थोडी वाढलीच होती. ती वाढही पुरेशी नव्हती हे खरे, परंतु घट झालेले बाळ आणि हळू वाढणारे बाळ यांचा विचार वेगळ्या रीतीने करावा लागतो.

म्हणून बाळाचे सर्व कपडे, वाळे, मनगट्या काढून, शक्यतो पाजण्यापूर्वी आणि दर वेळी त्याच काट्यावर वजन करावे. बाळ ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. पूर्वी अंगणवाडीत सर्रास असलेल्या आणि आजही काही ठिकाणी दिसणाऱ्या झोळीच्या लटकत्या काट्यावर शंभर-शंभर ग्रॅमच्या खुणा असतात, त्यामुळे लहान बाळाची आठवड्याभराची वाढ त्यावर जेमतेम दीड-दोन खुणांची दिसते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत शंका असेल तर इलेक्ट्रॉनिक काट्यावरच वजन करून घ्यावे. रोज वजन करू नये. पाजण्याच्या आधी आणि नंतर केलेल्या वजनातच ऐंशी-शंभर ग्रॅमचा फरक पडू शकतो, त्यामुळे रोजचा आकडा काही शिकवत नाही आणि आईची झोप मात्र उडवतो.

बाळंतपण माहेरी आणि पुढचे दिवस सासरी किंवा मुंबईला, ही आपल्याकडची नेहमीची रीत आहे. देवगडला जन्मलेले बाळ तिसऱ्या महिन्यात विरारला जाते आणि त्याचे माता-बाल संरक्षण कार्ड माहेरच्या कपाटातच राहते, हे फार वेळा घडते. ते कार्ड बाळाच्या कपड्यांबरोबर पिशवीत पहिल्यांदा भरावे. जुन्या नोंदी नसतील तर नव्या ठिकाणच्या डॉक्टरांसमोर केवळ एक सुटा आकडा उरतो.

दुसरी पायरी: आकड्यापेक्षा रेघ वाचा

जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत प्रत्येक बाळाचे वजन थोडे उतरते. जन्मवजनाच्या सात टक्क्यांपर्यंतची घट सामान्य समजतात, त्याहून जास्त असेल तर दूध कसे जाते आहे ते तपासावे लागते, आणि दहा टक्के किंवा अधिक घट असेल तर बाळ त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. २ किलो ७०० ग्रॅमचे बाळ चौथ्या दिवशी २ किलो ५२० ग्रॅमवर आले तर घाबरण्याचे कारण नाही, तेच बाळ २ किलो ४०० ग्रॅमवर आले तर थांबायचे नाही. दोन आठवड्यांचे होईपर्यंत बाळाने जन्मवजन परत गाठलेले असावे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात आणि वजनही करतात, तेव्हा त्या भेटी हुकू देऊ नयेत. माहेर दुसऱ्या गावात असेल तर तिथल्या आशाताईंना प्रसूतीपूर्वीच कळवून ठेवावे.

त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत दिवसाला सरासरी २५ ते ३० ग्रॅम, तीन ते सहा महिन्यांत १५ ते २० ग्रॅम आणि पुढे वर्षापर्यंत १० ते १५ ग्रॅम, अशी वाढ साधारण धरतात. पाचव्या-सहाव्या महिन्यात जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट हा हिशेब आजीबाईंनाही ठाऊक असतो आणि तो ढोबळमानाने बरोबर आहे. वाढीचा वेग वयाबरोबर उतरत जातो, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पहिल्या तीन महिन्यांत छान बाळसे धरलेले मूल सातव्या महिन्यात रांगू लागले आणि पूर्वीइतके वाढेनासे झाले, तर त्यात आपोआप काही बिघडलेले नसते.

कार्डावरचा वाढीचा आलेख मुलींसाठी गुलाबी आणि मुलांसाठी निळा असतो. त्याचा आधार जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेली मानके आहेत, आणि ती ज्या सहा देशांतील मुलांवरून तयार झाली त्यांत भारतही होता, म्हणून हे परदेशी बाळांचे माप आपल्या बाळांना कशाला, ही शंका मनातून काढून टाकावी. आलेखावर दर महिन्याचा ठिपका ठेवून ते जोडले की बाळाची स्वतःची रेघ दिसते. आईबाप अंगाने बारीक असतील, बाळ आलेखावरच्या हिरव्या, म्हणजे सामान्य वजनाच्या पट्ट्याच्या तळाशी असेल आणि तरीही त्याची रेघ छापील रेषांना समांतर वर चढत असेल, तर ते बाळ आपल्या चालीने वाढते आहे. त्याउलट गुबगुबीत दिसणाऱ्या बाळाची रेघ दोन महिने आडवी झाली किंवा एक-एक छापील रेषा ओलांडून खाली येऊ लागली, तर शेजारचे कितीही कौतुक करोत, तपासणी झालीच पाहिजे.

दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वय मोजताना तितके आठवडे वजा करावेत. आठ आठवडे आधी जन्मलेले चार महिन्यांचे बाळ वाढीच्या दृष्टीने सुमारे दोन महिन्यांचे असते, आणि ही वजाबाकी दोन वर्षांपर्यंत करायची असते.

तिसरी पायरी: एक पाजणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहा

या लेखातली एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करावी. आशाताई, आरोग्यसेविका किंवा अनुभवी परिचारिका यांना शेजारी बसवून बाळाचे एक संपूर्ण पाजणे पाहू द्यावे. बाळ तासन्‌तास छातीशी असते म्हणजे त्याला दूध मिळतेच असे नाही.

एका आईला मी तिच्या घरी, मागच्या पडवीत पाजताना पाहिले. ती बुटक्या पाटावर बसून बाळाकडे पुढे वाकली होती, बाळाचे पोट आढ्याकडे आणि फक्त मान तिच्याकडे वळलेली होती. बाळाच्या तोंडात स्तनाग्राचे टोक तेवढे होते, चोखताना गालांना खळ्या पडत होत्या आणि चक्‌चक्‌ आवाज येत होता. दहा मिनिटांत बाळ झोपले, अर्ध्या तासाने पुन्हा रडू लागले, आणि घरातली मंडळी म्हणाली की पाहा, हिला दूधच नाही. स्तनाग्र बाहेर आले तेव्हा ते एका बाजूने दबून चपटे झालेले होते. ही खूण दिसली की पकड चुकली आहे असे समजावे.

आम्ही तिला भिंतीला टेकून बसवले आणि मांडीवर उशी दिली. बाळाचे सगळे अंग आईकडे वळवून पोटाला पोट लावले आणि त्याचे नाक स्तनाग्रासमोर आणले. बाळाने जांभई दिल्यासारखे तोंड उघडेपर्यंत थांबून मग त्यालाच छातीकडे आणले, छाती बाळाकडे नेली नाही. नीट पकड झाली की बाळाची हनुवटी स्तनाला टेकते, खालचा ओठ बाहेर वळतो, स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग वरच्या बाजूला जास्त आणि खाली कमी दिसतो, आणि आईला दुखत नाही. सुरुवातीला बाळ भरभर चोखते, मग पान्हा फुटला की लय संथ होते आणि दर एक-दोन चोखण्यांनंतर गिळल्याचा हलका आवाज येतो. तो आवाज ऐकू आला तेव्हा त्या आईचे डोळे भरून आले, कारण तोपर्यंत तिने तो कधी ऐकलाच नव्हता.

एक बाजू बाळ स्वतःहून सोडेपर्यंत पाजावी आणि मगच दुसरी द्यावी, कारण शेवटी येणाऱ्या दुधात स्निग्धांश अधिक असतो. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे झाले पाहिजे. वजन रेंगाळलेले असेल तर दिवसा तीन तासांहून अधिक झोपू न देता बाळाला उठवून पाजावे आणि रात्रीचे पाजणे चुकवू नये, कारण दूध तयार करणारे संप्रेरक रात्री अधिक स्रवते. आईला विश्रांती मिळावी म्हणून रात्री बाळ आजीकडे निजवण्यामागे माया असते, पण पाजण्यापुरते ते आईकडे आलेच पाहिजे.

बाळाला पुरते आहे की नाही हे लंगोट सांगतात. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट लघवी होत असेल तर दूध पोटात जाते आहे. लघवी गडद पिवळी आणि मोजकी असेल तर कमी पडते आहे. डायपर वापरत असाल तर दोन दिवस तरी साधे सुती लंगोट वापरून मोजावे. पावसात ते वाळत नाहीत हे मला ठाऊक आहे, तरीही.

चौथी पायरी: घरातली दिनचर्या तपासा

सकाळी तेल लावणे, कढत पाण्याची अंघोळ, धुरी आणि मग घट्ट गुंडाळून निजवणे, हा क्रम आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आला आहे. हलक्या हाताच्या मालिशीला माझी हरकत नाही. परंतु त्या थकव्याने बाळ चार-पाच तास गाढ झोपते आणि दिवसातली दोन पाजणी बुडतात, हे कोणी मोजत नाही. अंघोळीआधी पाजावे आणि तीन तासांनी उठवावे, एवढ्याने प्रश्न सुटतो. धुरी मात्र बंदच करावी, कारण धूर कोवळ्या फुप्फुसांना त्रास देतो.

गुटीबद्दल स्पष्टच लिहिते. सहाणेवर उगाळलेले जायफळ आणि वेखंड बाळाला गुंगी आणू शकतात, आणि गुंगीतले बाळ दूध मागत नाही. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज गुटी, मध, साखरपाणी, ग्राइप वॉटर किंवा साधे पाणीसुद्धा देऊ नये. मे महिन्याच्या उकाड्यातही आईच्या दुधातून बाळाची तहान भागते. त्याला वारंवार पाजावे. पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ होते तेव्हा तर पाण्याचा चमचा म्हणजे जुलाबांना निमंत्रण. मध वर्षाच्या आत मुळीच नको, त्यातून बोटुलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब, लोह किंवा औषध या मनाईत येत नाही.

बाळंतिणीच्या ताटाकडेही पाहावे. केवळ पेज आणि भातावर तिला महिनाभर ठेवू नये. पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० किलोकॅलरी जास्त लागतात. कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, डाळ, पालेभाज्या, अंडी, मुडदुशांसारखे हलके मासे आणि तहान लागेल तेवढे पाणी, हे सगळे तिला मिळाले पाहिजे. आई सतत उदास असेल, रडत असेल, तिला बाळाजवळ जावेसे वाटत नसेल, तर तिलाही डॉक्टरांना दाखवावे. तो तिचा दोष नाही, आणि त्यावर उपचार आहेत.

पाचवी पायरी: डॉक्टरांकडे कधी आणि काय घेऊन जावे

काही लक्षणांत वजनाचा विचार बाजूला ठेवून तातडीने निघावे. बाळ दूध ओढेनासे झाले, उठवूनही उठत नाही, अंग थंड पडले किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आला, छाती आत ओढली जाते आहे, झटका आला, हिरवी उलटी झाली, तळहात-तळपाय पिवळे दिसतात किंवा आठ तासांत लघवी झाली नाही, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा अधिक, आणि त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा अधिक श्वास धोक्याचे समजतात. खाडीपलीकडच्या किंवा घाटीतल्या वाडीत राहणाऱ्यांनी, विशेषतः पावसाळ्यात, वाहन कोणाचे मिळेल हे आधीच ठरवून ठेवावे.

दूध पिताना बाळाच्या कपाळावर घाम डवरतो, दोन घोट घेऊन ते धापा टाकत थांबते, ही खूण हृदयाच्या दोषाची असू शकते. दमट हवेत सगळ्यांनाच घाम येतो म्हणून ती आपल्याकडे दुर्लक्षिली जाते, तेव्हा पिताना येणारा घाम वेगळा लक्षात ठेवावा.

अशी तातडी नसेल आणि तरीही दोन आठवड्यांत जन्मवजन परत आले नसेल, पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याची वाढ दीडशे ग्रॅमच्या आत असेल किंवा रेघ आडवी झाली असेल, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना भेटावे. जाताना कार्ड, प्रसूतीचे कागद आणि तीन दिवसांची नोंद न्यावी. साध्या वहीत पाजल्याची वेळ, लघवी, शी, उलटी आणि दिलेले प्रत्येक औषध लिहावे. गुटी दिली असेल तर तीही लिहावी, लपवू नये. बाळाने दुधाची थोडी गुळणी काढणे आणि पाजल्यावर दर वेळी जोराने उलटी होणे यांतला फरक डॉक्टरांना सांगावा.

डॉक्टर वजनाबरोबर लांबी आणि डोक्याचा घेर मोजतील, जिभेखालचा पडदा व टाळू पाहतील, हृदय ऐकतील. गरज वाटल्यास रक्त, लघवी आणि थायरॉइडची तपासणी सांगतील. लघवीतला जंतुसंसर्ग तापाशिवायही वजन अडवू शकतो, त्यामुळे साधी वाटणारी ती तपासणी टाळू नये. प्रत्येक बाळाला साऱ्या तपासण्या लागतातच असे नाही. कोणती तपासणी कशासाठी, पुढचे वजन कधी आणि तोवर किती वाढ अपेक्षित आहे, हे तीन प्रश्न नि:संकोच विचारावेत. सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतील आजारी बाळाचे उपचार जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत होतात आणि जन्मजात दोषांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, म्हणून खर्चाच्या भीतीने घरी थांबू नये.

सहावी पायरी: दूध खरोखरच कमी पडत असेल तर

पकड सुधारूनही वाढ होत नसेल तर डॉक्टर प्रथम आईचेच दूध हाताने काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यायला सांगतात. आंब्याच्या हंगामात किंवा काजूच्या कारखान्यात कामावर परतणाऱ्या आयांनाही हाच मार्ग उपयोगी पडतो. काढलेले दूध आपल्या हवेत बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये. बाटली टाळावी, कारण ती स्वच्छ राखणे अवघड आणि तिची सवय लागलेले बाळ पुष्कळदा छाती नाकारते.

डॉक्टरांनी वरचे दूध लिहूनच दिले तर ते अपराध म्हणून नव्हे, औषध म्हणून द्यावे. पण डब्यावर लिहिलेले पाणी आणि पावडर यांचे प्रमाण तंतोतंत पाळावे. डबा महिनाभर पुरावा म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त घातलेले मी पाहिले आहे. ते बाळ वेळेवर आणि पोटभर पीत होते, तरी वाढत नव्हते. दुकानदाराच्या सांगण्यावरून डबा किंवा भूक वाढवणारे सिरप घेऊ नये.

सहा महिने पूर्ण झाले की वरचे अन्न सुरू करावे आणि आईचे दूध चालू ठेवावे. इथे आपल्याकडची मोठी चूक म्हणजे पातळ पेज आणि डाळीचे वरचे पाणी. त्याने पोट भरते, अंगी काही लागत नाही. चमचा तिरका केला तरी घळकन ओघळणार नाही इतका घट्टपणा हवा. मऊ गुरगुट्या भात आणि डाळ कुस्करून त्यात चमचाभर तूप किंवा खोबरेल घालावे. नाचणीचे सत्त्व, उकडलेले अंडे, काटे एक-एक करून बोटांनी चाचपून काढलेला मासा, कुस्करलेले केळे हेही द्यावे. दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा अर्धी वाटी, आणि नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा, असे वाढवत न्यावे. सहा महिन्यांपुढील बाळाच्या दंडाचा घेर अंगणवाडीत मोजून घ्यावा, तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला किंवा दोन्ही पावलांवर सूज दिसली, तर ते तीव्र कुपोषण समजून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

बदल सुरू केल्यावर लहान बाळाचे वजन सात दिवसांनी, त्याच काट्यावर, वाळे काढून पुन्हा करावे. वाढ दिसली तर तोच क्रम चालू ठेवून पुढच्या आठवड्यात परत यावे. वाढ दिसली नाही तर आणखी एक आठवडा वाट न पाहता ती वही घेऊन त्याच डॉक्टरांकडे जावे.